आईंचं ताट अर्ध्यातच उचललं गेलं

या वेळचं पत्र इंदूरच्या सुदामानगरातल्या एका सुनेचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझ्या सासूबाई येत्या कार्तिकात पंचाहत्तर पूर्ण करतील. पुण्याहून दीर-जाऊ येणार आहेत. महेश्वरजवळ नर्मदेच्या काठी शेतामळ्यात जुन्या वाड्याचं एक हॉटेल आहे. तिथलं जेवण फार नावाजलेलं. माणशी चार हजार, सात पदार्थ एकामागून एक येतात. आईंना तिथे न्यावं असं माझ्या फार मनात आहे. पण विषय काढला की त्या म्हणतात, 'नको गं बाई ते काटे-चमचे. तेवढ्या पैशांत घरी पन्नास पानं उठतील.' गेल्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही त्यांना नेलं होतं. पाणी प्यायला म्हणून त्यांनी काटा आणि सुरी ताटात नीट शेजारी शेजारी ठेवली, आणि वेटरने ताट उचलून नेलं. अर्धं जेवण तसंच होतं. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन दहीभात खाल्ला. जाऊबाईंचं म्हणणं, आईंना कशाला त्रास, आपण चौघं जाऊन येऊ, त्यांच्यासाठी घरी पुरणाचा बेत करू. मला ते पटत नाही, पण जबरदस्तीही करायची नाही. काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातला तो दहीभात माझ्या मनातून जाईना. रात्री दहा-साडेदहाला घरी येऊन, कुणाला काही न सांगता, ओट्यापाशी उभ्याने भात कालवणारी बाई मला डोळ्यांसमोर दिसते. म्हणून आधी त्या ताटाबद्दलच लिहिते.

काटा आणि सुरी ताटात एकमेकांना लागून, सरळ रेषेत ठेवली की त्याचा अर्थ 'माझं झालं, ताट न्या' असा होतो. दोन्ही लांब ठेवून टोकं वर एकमेकांकडे झुकवली, घराच्या छपरासारखी, तर 'अजून जेवतेय' असा. वेटरने ताट वाचलं आणि उचललं. सासूबाईंनी काय केलं? आयुष्यभर भांडी जागच्या जागी ठेवणाऱ्या बाईने हातातली दोन हत्यारं नीट लावून ठेवली. त्यांच्या नीटनेटकेपणाचाच त्यांना फटका बसला. चूक म्हणायचीच तर त्या वेटरची. ताटात जेवण शिल्लक दिसतंय, समोर वयस्कर बाई आहेत, तर 'हो गया, माँजी?' एवढं विचारायला काय लागतं? चांगल्या ठिकाणी ते विचारतातच. शिवाय टेबलावरच्या सगळ्यांचं झाल्याशिवाय एकाचं ताट उचलायचं नाही, हाही त्यांच्याकडचा नियम आहे. आपल्या पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही, तसाच.

हे सासूबाईंना सांगा. पण 'आई, तुमचं असं चुकलं होतं' अशा सुरात नाही. सांगा की तुम्ही नकळत त्यांच्या भाषेत 'पुरे' म्हणालात. पंगतीत ताटावर हात आडवा धरला की वाढपी पुढे सरकतो. ज्याला ती खूण ठाऊक नाही असा पाहुणा पाणी मागायला हात पुढे करेल आणि उपाशी उठेल. वर्षभर त्या मनात धरून बसल्या असतील की आपल्याला तिथलं काही कळत नाही. प्रत्यक्षात एका खुणेचा गोंधळ झाला होता, इतकंच.

आणि कळत नाही म्हणजे काय? पानाची डावी-उजवी बाजू त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, समोर भाताची मूद, त्यावर वरण, तुपाची धार. कोणती गोष्ट कुठे, आधी काय वाढायचं, कशावर काय घ्यायचं, केव्हा उठायचं, हा एवढा मोठा शास्त्राचा पसारा त्या पन्नास वर्षं चालवताहेत. त्या टेबलावरचं शास्त्र याहून बरंच छोटं आहे. काटे डावीकडे, सुऱ्या आणि सूपचा चमचा उजवीकडे. पावाची छोटी बशी डावीकडची आपली, पेले उजवीकडचे आपले. बाहेरच्या बाजूपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पदार्थागणिक आत यायचं. नॅपकिन मांडीवर. संपलं. दुपारच्या चहाला स्वयंपाकघरातले चमचे मांडून दाखवा, पाच मिनिटांत त्या तुम्हालाच शिकवतील.

डाव्या हाताने घास तोंडात घालणं त्यांना नकोसं वाटेल, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे डावा हात जेवणाचा नाही. काटा उजव्या हातात धरला तर काहीही बिघडत नाही. अमेरिकेत कितीतरी लोक आधी सुरीने तुकडे करतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. आणि पोळी, भाकरी, वरण-भात आला तर हाताने. यात कुणाची परवानगी घ्यायची नाही.

हे मी इतक्या ठामपणे का लिहितेय ते सांगते. माझे वडील ग्वाल्हेरला शाळेत गणित शिकवायचे. ते निवृत्त झाले तेव्हा मी नुकतीच कमवायला लागले होते. त्यांना मोठ्या हौसेने ओरछ्याकडच्या एका जुन्या गढीतल्या हॉटेलात जेवायला नेलं. दाल आली, भात आला. बाबांनी बाह्या सारल्या, भात कालवला, पहिला घास घेतला. शेजारच्या टेबलावर परदेशी पाहुणे बसले होते. मी वाकून हळूच म्हटलं, "बाबा, चमचा घ्या ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नॅपकिनला बोटं पुसली, एकेक करून, पाचही. मग चमचा उचलला, चार घास खाल्ले आणि म्हणाले, "छान आहे, पोट भरलं." त्या परदेशी लोकांनी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. ती पुसलेली पाच बोटं मला अजून दिसतात. तुमच्या टेबलावर कुणीही, तुमच्या यजमानांनी, दिरांनी, जाऊबाईंनी, आईंना काहीही सुचवायचं नाही, हे घरून निघायच्या आधीच सगळ्यांना बजावून ठेवा.

आता त्यांच्या 'नको'बद्दल. त्या पिढीच्या बायकांचं 'नको' उलगडून पाहावं लागतं. त्यात पैसे असतात, मागच्या वेळचा ओरखडा असतो, 'माझ्यासाठी कशाला' ही लहानपणापासूनची सवय असते. आणि कधीकधी खरंच नको असतं. त्यांना सात पदार्थांपेक्षा सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गरम गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा किस खाण्यात जास्त आनंद असेल, तर तोही वाढदिवस चांगलाच. म्हणून एकदा एकट्याने, दीर-जाऊ यायच्या आत, सरळ विचारा. 'आई, चला ना' असं नाही. 'आई, तुम्हाला तिथे बसून बघावंसं वाटतं का?' असं. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. खरंच नको म्हणाल्या तर तो विषय आनंदाने मिटवा.

जाऊबाईंचा बेत मात्र मला अजिबात मान्य नाही. ज्यांचा वाढदिवस त्या घरी, आणि बाकीचे चौघं नर्मदाकाठी? पुरणाचा बेत करायचा तर सगळ्यांनी मिळून करा आणि सगळ्यांनी घरी जेवा.

त्या हो म्हणाल्या असं धरून पुढचं लिहिते.

रात्रीचं जेवण घेऊ नका, दुपारचं घ्या. इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद किलोमीटर. महू, मानपूर, मग घाट उतरून धामनोद, तिथून महेश्वर. सव्वादोन-अडीच तास जातात. सात पदार्थांचं जेवण दोन तासांच्या आत होत नाही. रात्री आठला बसलात तर दहा वाजणार, आणि त्यानंतर पंचाहत्तरीच्या बाईंना घाटातून, ट्रकांच्या रांगेतून परत आणायचं, हे मला बरोबर वाटत नाही. मुक्काम करणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सकाळी लवकर निघा. किल्ल्यात अहिल्यादेवींचं देवघर आहे, सोन्याचा झुला आहे. सकाळी गेलात तर तिथली लिंगार्चनाची पूजाही दिसेल. मातीची छोटी छोटी लिंगं करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. अहिल्यादेवींच्या काळापासून ती चालत आलेली आहे. देवदर्शन होऊन जेवायला बसलेल्या सासूबाई आणि गाडीतून थेट टेबलाशी आणलेल्या सासूबाई यांत फार फरक पडेल. आणि महेश्वरी नेसायला सांगा. ज्या गावात ती विणली जाते तिथे ती नेसून जाण्यात वेगळाच रुबाब असतो.

तारीख तिथीने धरणार की इंग्रजी, तेही त्यांनाच ठरवू द्या. फक्त पंचांग बघा. संकष्टी किंवा एकादशी आली तर सातपदरी जेवणाच्या ताटासमोर त्या पाण्याचा पेला घेऊन बसतील.

मग हॉटेलला फोन. हा फोन माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. टेबल राखायला म्हणून दोन मिनिटांत उरकू नका, शेफशी किंवा निदान कॅप्टनशी, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाशी, बोलायचंय म्हणून सांगा. सासूबाई शाकाहारी आहेत असं मी धरते. 'व्हेज' एवढ्या एका शब्दावर सोडू नका. विलायती पदार्थांत न दिसणाऱ्या गोष्टी असतात. पन्नाकोटासारखी थरथरणारी गोड वडी बहुतेक ठिकाणी जिलेटिनने जमवतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातडीपासून होतं. समुद्री शेवाळाच्या आगर-आगरने ते काम होतं, आधी सांगितलं तर शेफ करून देतात. सूपचा स्टॉक कशाचा आहे ते विचारा. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. वुस्टरशायर सॉसच्या मूळ कृतीत अँचोवी हा मासा असतो. पांढऱ्या सॉसमध्ये, केकमध्ये अंडं आहे का तेही विचारा. घास घेतल्यावर कुणीतरी हे सांगायचं आणि त्यांनी तो बाहेर काढायचा, असा प्रसंग त्यांच्यावर येऊ नये.

कांदा-लसूण चालतो का, दात कसे आहेत, तिखट किती, हेही सांगा. कवळी असेल तर भाजलेले कडक पाव आणि अख्खे बदाम त्रासाचे. मधुमेहाची गोळी जेवणाआधी घेत असतील तर आणखी काळजी घ्या. इथे पहिला पदार्थ म्हणजे दोन घासांचा असतो आणि दोन पदार्थांत वीस-पंचवीस मिनिटं जातात. गोळी केव्हा घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि पाव लगेच आणून द्यायला सांगा.

या एकामागून एक वाढण्याने त्या कंटाळतील अशी तुम्हाला भीती असेल. त्यांना एक गंमत सांगा. फ्रान्समध्येही पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे, आपल्या ताटासारखे. एकेक पदार्थ आणून वाढायची पद्धत तिकडे एकोणिसाव्या शतकात रशियाकडून गेली, तिला आजही रशियन पद्धतच म्हणतात. थंडीच्या देशात गरम पदार्थ गरम असतानाच पोचावा, हा तिचा मोठा फायदा. आपण तव्यावरची पोळी थेट पानात वाढतो ती याच कारणाने. ज्या बाईने आयुष्यभर तव्यापाशी उभं राहून दुसऱ्यांना गरम वाढलं, तिला एकदा सात वेळा गरम वाढलं जावं, असं मला फार वाटतं.

सुरुवातीला न मागवलेलं काहीतरी इवलंसं येईल, एका घासाचं. ते शेफकडून असतं, त्याचे वेगळे पैसे नसतात. मध्येच गोडसर, आंबट बर्फाचा गोळा आला तर जेवण संपलं असं समजू नका, तोंड स्वच्छ करायला तो असतो. लिंबाची चकती टाकलेलं कोमट पाणी वाटीत आलं तर ते बोटं धुवायला. हे त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे कुजबुजावं लागणार नाही.

आणखी एक, जे मला तिथे नेहमी खटकतं. आग्रह नसतो. आपल्याकडे 'घ्या, अजून एक, माझ्या हातची' असं तिनदा झाल्याशिवाय वाढल्यासारखं वाटत नाही. तिथे बशीत तीन घास येतात आणि वाढणारा मागे सरकतो. सासूबाईंना ते कोरडं वाटेल, कदाचित कद्रूपणाचंही. तो आग्रह तुम्ही करा. एखादी गोष्ट आवडली तर अजून मागवा, पाव-लोणी मागवा, स्वयंपाकी भेटायला येईल का विचारा. खूपदा येतात. त्या दोघांचं बोलणं रंगेल बघा. आमटीला फोडणी कशी देता हा प्रश्न त्या विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

वेटर तुमच्या यजमानांना विचारेल, "माँजी क्या लेंगी?" तेव्हा यजमानांनी उत्तर द्यायचं नाही. "आप उन्हीं से पूछिए," एवढं म्हणायचं. इंदूरच्या मराठी बाईंना हिंदी काय कुणी शिकवायला नको. आणि त्यांना बसवायचं ते खिडकीशी, नदी दिसेल अशा बाजूला.

पैशांचं. पाच माणसांचे वीस हजार, पण बिल तेवढं येत नाही. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं तिथल्या जेवणावर सहसा १८ टक्के जीएसटी लागतो, एरवीच्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. म्हणजे २३,६०० धरून चाला. त्यावर सेवाशुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. नको म्हणालात तर काढून देतात. पण वाढणाऱ्याने मन लावून वाढलं असेल तर त्याच्या हातात काहीतरी नक्की ठेवा, आणि शक्यतो ते सासूबाईंच्या हातून.

किमती नसलेलं मेनूकार्ड त्यांच्यासाठी मागा, पुष्कळ ठिकाणी देतात. बिल टेबलावर येऊ देऊ नका. यजमानांनी हात धुवायच्या निमित्ताने उठून चुकतं करावं. मात्र त्यांनी आकडा विचारलाच तर खोटा सांगू नका. 'आई, पाचशे रुपये' म्हणाल आणि आठवड्याने जाऊबाईंच्या तोंडून खरा आकडा निघेल, मग त्या जेवणाची चवच जाईल. खरा सांगा आणि पुढे म्हणा की दोघा मुलांनी मिळून ठरवून बाजूला काढले होते. त्यांची पन्नास पानांची गोष्टही खोटी नाही. जमत असेल तर त्याच महिन्यात कुठे अन्नदानाला त्यांच्या नावाने काही द्या आणि जेवायला जायच्या आधी त्यांना सांगा. त्यांच्या मनावरचं ओझं हलकं होईल.

दिरांनी वाइनचं विचारलंय असं तुम्ही ताजा कलम लिहिलाय. महेश्वरसह मध्य प्रदेशातल्या १९ धार्मिक ठिकाणी १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं आणि बार बंद आहेत. हॉटेल त्या हद्दीत येतं का ते विचारा. पण मला विचाराल तर त्या दिवशी ताजं लिंबू-सरबत पुरे.

हॉटेलला फोन दुपारी चारच्या सुमाराला करा. तेव्हा दुपारची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी जोरात सुरू व्हायची असते आणि शेफ बोलायला मोकळे असतात. त्याआधी सासूबाईंशी बोला. आणि बोलायला बसाल तेव्हा सोबत दहीभात नको, एक गरम पोळी त्यांच्या पानात तुम्ही वाढा.